कान आणि काळ

काशीच्या मणिकर्णिका घाटावर दिवस आणि रात्र यांत फारसा भेद उरत नाही. चिता अहोरात्र पेटलेल्या असतात. लाकडे तडतडत असतात, रचलेल्या ओंडक्यांवर कुऱ्हाडीचे घाव पडत असतात, पायऱ्यांवर गंगेचे पाणी चुळबुळत असते. मागच्या चिंचोळ्या गल्ल्यांतून ‘राम नाम सत्य है’ हा घोष हळूहळू जवळ येतो, आणि मध्येच एखाद्या देवळातली घंटा वाजते. डोळे मिटून उभ्या राहिलेल्या माणसालाही आपण कोठे आलो आहोत हे येथे विचारावे लागत नाही.

या घाटाच्या नावातच कान आहे. कर्णिका म्हणजे कानातले भूषण. विष्णूने आपल्या चक्राने येथे पुष्करिणी खणली, त्याचे उग्र तप पाहून शंकराने विस्मयाने मान डोलावली, आणि त्याच्या कानातले रत्नखचित कुंडल त्या पाण्यात पडले, अशी कथा काशीखंडात आहे. लोककथेत ते कुंडल पार्वतीचे होते. काशीत देह ठेवणाऱ्याच्या कानात अखेरच्या क्षणी शंकर स्वतः तारकमंत्र सांगतो, अशीही श्रद्धा आहे. मराठी माणसाला हा घाट परका नाही. त्याच्या बांधकामाशी अहिल्याबाई होळकरांचे नाव निगडित आहे. शेजारचा शिंदे घाट बायजाबाई शिंदे यांनी १८३० साली बांधविला. आणि काशीत जन्मलेल्या झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका हेच होते.

तारकमंत्राच्या श्रद्धेची शहानिशा करणे हे शास्त्राचे काम नव्हे. परंतु त्या श्रद्धेच्या पोटात एक शारीरिक गृहीतक दडलेले आहे. डोळे मिटले, जीभ अडखळली, हातपाय गारठले, तरी कान अजून जागा आहे, हे ते गृहीतक होय. आपल्या घरांतूनही मरणोन्मुख माणसाच्या मुखी गंगाजल आणि तुळशीपत्र घालतात, आणि कानाशी वाकून देवाचे नाव घेतात. ते नाव त्याच्यापर्यंत पोहोचते काय? या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ऐकणे म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे. आणि ऐकणे हा मुळातच काळाचा व्यवहार आहे.

चित्र डोळ्यांपुढे उभे असते. त्याचा एक कोपरा पाहून झाला की दुसऱ्याकडे वळता येते, आणि वाटल्यास पुन्हा पहिल्याकडे परतता येते. ध्वनी असा थांबत नाही. ‘राम’ या शब्दातला ‘म’ उच्चारला जाईपर्यंत ‘रा’ नाहीसा झालेला असतो. संपूर्ण शब्द एका क्षणी कधीच अस्तित्वात नसतो. तरीही ऐकणाऱ्याला तो संपूर्णच ऐकू येतो. ही अडचण आपल्या प्राचीन विचारवंतांनाही जाणवली होती. उच्चारताच नष्ट होणाऱ्या वर्णांपासून अर्थाचे ज्ञान कसे होते, असा प्रश्न मीमांसक शबरस्वामींनी घेतला, आणि आधीचे वर्ण मनावर जे संस्कार ठेवून जातात त्यांसह शेवटचा वर्ण अर्थबोध करून देतो, असे उत्तर दिले. भर्तृहरीसारख्या वैयाकरणांनी हाच प्रश्न स्फोटवादाच्या वाटेने सोडविला. त्यांच्यापुढे प्रयोगशाळा नव्हती, परंतु प्रश्न अचूक होता. गेलेला ध्वनी कोठे साठतो, हेच आधुनिक श्रवणशास्त्रही विचारते.

ध्वनीचा प्रवास घाटावरच पाहता येतो. नदीच्या मध्यावरील होडीतून घाटाकडे पाहणाऱ्याला कुऱ्हाड आधी पडताना दिसते आणि तिचा आवाज मागाहून येतो. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो; म्हणून १७० मीटर अंतरावर तो अर्धा सेकंद उशिरा पोहोचतो. कानाच्या वाटेने आत शिरल्यावर हवेची ही थरथर कर्णपटलाला हलविते. कर्णपटलापाठोपाठ हातोडी, ऐरण आणि रिकीब या नावांनी ओळखली जाणारी तीन इवलीशी हाडे हलतात आणि आतल्या द्रवाला धक्का देतात. अगदी मंद, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाने कर्णपटल किती हलत असेल? एखाद्या अणूच्या व्यासाहूनही कमी. इतके नाजूक मोजमाप मनुष्य कोणतेही उपकरण हाती न घेता जन्मभर करीत असतो.

तो द्रव गोगलगायीच्या शंखासारख्या वेटोळ्या नळीत असतो. ही नळी उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल, म्हणजे करंगळीच्या दोन पेरांहूनही आखूड. तिच्यात लांबीभर एक पातळ पडदा ताणलेला आहे. ध्वनी आत आला म्हणजे या पडद्यावर एक लाट धावते. घंटेचा टणत्कार असेल तर ती नळीच्या तोंडाशीच उंचावते आणि विरते; नगाऱ्याचा घुमारा असेल तर ती आतल्या टोकापर्यंत जाते. ही धावती लाट गेओर्ग फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने बुडापेस्टच्या दूरध्वनी प्रयोगशाळेत काम करीत असताना शोधली आणि त्याबद्दल त्याला १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पडद्यावर उभ्या असलेल्या सूक्ष्म केशपेशी त्या त्या जागेची हालचाल टिपतात. प्रत्येक कानात त्या सुमारे १५ हजार असतात. त्यांपैकी मेंदूकडे बातमी पाठविण्याचे मुख्य काम आतल्या ओळीतील जेमतेम साडेतीन हजार पेशी करतात. मोठ्या आवाजाने किंवा वयाने त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

स्वराची उंची अशा रीतीने जागेवरून ओळखली जाते. परंतु जागा हा अर्धाच हिशेब झाला. उरलेला अर्धा वेळेचा आहे. केशपेशींशी जोडलेले मज्जातंतू ध्वनीच्या लहरीशी जुळवून घेऊन ठोके देतात. एकेका तंतूला सेकंदाला काही शेकड्यांहून अधिक ठोके फार काळ देता येत नाहीत. म्हणून तो प्रत्येक लहरीला ठोका देत नाही. पण देतो तेव्हा लहरीच्या ठरावीक ठिकाणीच देतो. कीर्तनात एखादा टाळकरी अधूनमधून थांबला तरी बाकीच्यांच्या टाळांनी ठेका अखंड राहावा, तसे हजारो तंतू मिळून सेकंदाला चार-पाच हजार कंपनांपर्यंतच्या स्वराची लय मेंदूकडे पोहोचवितात.

या वक्तशीरपणाचा उपयोग दिशा ओळखण्यासाठी होतो. घंटा उजवीकडे वाजली तर तिचा नाद उजव्या कानात आधी आणि डाव्या कानात मागाहून पोहोचतो. हे अंतर जास्तीत जास्त सेकंदाच्या एक सहस्रांशाहूनही कमी असते. तरबेज कान तर सेकंदाच्या एक लक्षांशाइतका फरकही ओळखतो. हा फरक मोजणाऱ्या पेशी मेंदूच्या देठाशी, जाणिवेच्या पातळीखाली, बसलेल्या आहेत. त्यांचे गणित चालू असल्याचे आपल्याला कधी कळत नाही. केवळ मान घंटेकडे वळते.

घाटाच्या दगडी भिंतींतून आणि पायऱ्यांतून प्रत्येक आवाजाचे पडसाद उठतात. ते सारे वेगवेगळे ऐकू आले असते तर गल्लीतली एक हाक दहा दिशांनी आल्यासारखी वाटली असती. तसे होत नाही, कारण काही सहस्रांश सेकंदांच्या आत पाठोपाठ येणाऱ्या नादांपैकी मेंदू पहिल्याला दिशेचा मान देतो आणि मागून येणाऱ्यांना त्याच्यातच मिसळून टाकतो. ‘प्रथम येणाऱ्याला अग्रक्रम’ असा हा नियम १९४९ साली प्रयोगांनी स्पष्ट झाला.

याहून थोड्या मोठ्या कालखंडात भाषा राहते. ‘गाल’, ‘काल’ आणि ‘खाल’ हे तीन शब्द घेऊ. तिन्हींत जीभ एकाच ठिकाणी, टाळूच्या मागच्या भागाला टेकते. मग फरक कशाचा? मुख्यतः वेळेचा. ‘ग’मध्ये जीभ सुटण्यापूर्वीच कंठातील नाद सुरू झालेला असतो, ‘क’मध्ये तो जीभ सुटल्यावर लगोलग सुरू होतो, ‘ख’मध्ये मधे श्वासाचा झोत जातो आणि नाद आणखी काही शतांश सेकंदांनी येतो. ली लिस्कर आणि आर्थर एब्रम्सन या अमेरिकन संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषांतील असे कालभेद मोजून प्रसिद्ध केले. त्या अकरा भाषांत मराठीही होती. आजीने नातवाला म्हटलेले ‘काल’ आणि ‘खाल’ ही कानाच्या दृष्टीने अशी शतांश सेकंदांची मोजणी असते, आणि नातू ती शाळेत जाण्यापूर्वीच शिकलेला असतो.

म्हातारपणी नेमकी हीच मोजणी ढिली पडते. तरुण कानाला अखंड नादातील दोन-तीन सहस्रांश सेकंदांची फटही जाणवते. वय वाढले की ती फट मोठी असावी लागते. शिवाय उंच स्वर ओळखणाऱ्या केशपेशी आधी जातात, आणि व्यंजनांची पुष्कळशी खूण त्या उंच स्वरांतच असते. ‘ऐकू येते, पण समजत नाही’ अशी घरातल्या वडीलधाऱ्यांची तक्रार असते. ती हट्टाची नसून अक्षरशः खरी असते. त्यांच्या कानाशी ओरडून फारसा लाभ होत नाही. सावकाश, शब्द सुटे करून, मधे थोडे थांबून बोलले तर लाभ होतो.

आणखी मोठ्या कालखंडात लय उभी राहते. ठोके सेकंदाला साधारण वीसहून अधिक झाले की ते सुटे राहत नाहीत, त्यांचा स्वर होऊ लागतो. उलट दोन ठोक्यांत सुमारे दोन सेकंदांहून अधिक अंतर पडले की मनातील लयीचा धागा तुटू लागतो. अतिविलंबित ख्यालात एकेक मात्रा याहूनही लांबते. तेव्हा तबलजी दोन मात्रांमधली जागा लहान लहान बोलांनी भरतो. बनारसच्या तबलावादकांनी श्रवणशास्त्राचे ग्रंथ वाचले नव्हते; पण काळाची रिकामी जागा कान किती वेळ सांभाळू शकतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते.

चितेच्या आगीचा आवाज मात्र निराळ्या जातीचा आहे. त्यात ठेका नाही, शब्द नाही. दर क्षणी शेकडो बारीक तडतडी होतात आणि कोणतीही तडतड पुन्हा तशीच होत नाही. पाऊस, वारा आणि नदी यांचे आवाज याच जातीचे होत. अशा आवाजांपुढे मेंदू मोठा काटकसरी व्यवहार करतो. जॉश मॅक्डर्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ आणि २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, अशा आवाजातील एकेक घटना मेंदू जपून ठेवीत नाही, त्यांची सरासरी तेवढी ठेवतो. एकाच प्रकारच्या आवाजाचे दोन वेगवेगळे तुकडे थोडा वेळ ऐकविले तर ते वेगळे ओळखू येतात. तेच अधिक वेळ ऐकविले तर ओळखणे अधिक कठीण होते, कारण दोहोंची सरासरी एकच होत जाते. घाटावर राबणाऱ्यांना आग ऐकू येईनाशी होते, ती यामुळे नव्हे काय? ऐकणे थांबलेले नसते. बातमी नवी नसल्यामुळे वर पोहोचत नसते.

परंतु बातमी अपुरी असली तर मेंदू ती पुरीही करतो. रिचर्ड वॉरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० साली एका ध्वनिमुद्रित वाक्यातील अक्षराचा तुकडा काढून त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. श्रोत्यांना वाक्य संपूर्णच ऐकू आले, आणि खोकला नेमका कोठे आला हेही त्यांना सांगता येईना. पुढे असेही दिसले की, बुडालेले अक्षर कोणते होते हे मागून येणारा शब्द ठरवितो. मराठीत कल्पना करावयाची तर खोकल्याने पहिले अक्षर झाकलेला ‘–ाळ’ असा शब्द घ्यावा. पुढे ‘शिजली’ आले तर ‘डाळ’ ऐकू आली असे वाटेल, ‘ओवली’ आले तर ‘माळ’, आणि ‘कापली’ आले तर ‘नाळ’. म्हणजे जो क्षण होऊन गेला त्यात काय होते, याचा निर्णय मेंदू काही काळ राखून ठेवतो आणि पुढचे ऐकून देतो. गल्लीच्या वळणावर गर्दीत अर्धाच ऐकू आलेला ‘राम नाम’ पूर्ण होतो तो याच न्यायाने.

ध्वनी काही सेकंद मेंदूत रेंगाळतो आणि त्यावरून पुढच्याची अपेक्षा बांधली जाते. श्रवणाचे सार यात आहे. ही अपेक्षा प्रत्यक्ष मोजण्याची रीत फिनलंडच्या रिस्टो नॅटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखविली. एकसारखा स्वर ठरावीक वेळाने ऐकवावयाचा आणि क्वचित मधेच एक निराळा स्वर घालावयाचा. डोक्यावर चिकटविलेल्या तारांतून मेंदूची सूक्ष्म विद्युत् टिपली म्हणजे निराळ्या स्वरानंतर एक दशांश ते पाव सेकंदाच्या सुमारास तिच्यात एक विशेष खळगा दिसतो. ऐकणारा पुस्तक वाचण्यात गढलेला असला तरी तो दिसतो. म्हणजे मन दुसरीकडे असतानाही मेंदू मागच्या स्वरांची आठवण धरून नव्याची तुलना करीतच असतो. बेशुद्ध रुग्ण शुद्धीवर येण्याचा संभव किती, याचा अंदाज करताना वैद्यांना या खुणेची मदत होते.

येथे मणिकर्णिकेचा प्रश्न पुन्हा समोर येतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मरणोन्मुख रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या व्हँकूव्हरमधील एका संस्थेतील रुग्णांना, कुटुंबियांच्या संमतीने, स्वरांच्या लहान लहान मालिका ऐकविण्यात आल्या. काही मालिकांत शेवटचा स्वर बदललेला होता. काहींत मालिकांचा ठरलेला क्रमच मोडलेला होता. तुलनेसाठी निरोगी तरुणांनाही हेच ऐकविले गेले. मृत्यूच्या अगदी समीप आलेल्या, हाकेला ओ न देणाऱ्या रुग्णांपैकी काहींच्या मेंदूत बदललेल्या स्वराला दिलेला प्रतिसाद आढळला, आणि तो निरोगी तरुणांच्या प्रतिसादाशी मिळताजुळता होता. चेहऱ्यावर काही उमटत नव्हते. आत मात्र गेलेला स्वर धरून ठेवला जात होता आणि येणाऱ्याशी ताडून पाहिला जात होता.

या निष्कर्षाची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. असे रुग्ण मोजकेच होते, आणि सर्वांत सर्व प्रतिसाद दिसले नाहीत. शिवाय स्वरातील बदल टिपला जाणे वेगळे आणि शब्दांचा अर्थ कळणे वेगळे. त्या माणसाला आपल्या मुलीचा आवाज ओळखू आला काय, तिचे बोलणे समजले काय, हे त्या तारांनी सांगितले नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही. मृत्यूनंतरच्या गतीविषयी तर हा अभ्यास काहीच बोलत नाही. परंतु प्रतिसाद न देणारा माणूस ऐकतही नसतो, ही जी समजूत रुग्णशय्येभोवती सर्रास आढळते, तिला मात्र या अभ्यासाने निश्चित धक्का दिला.

ही समजूत किती महाग पडू शकते, याचा विचार व्हावयास हवा. ‘आता त्यांना काही कळत नाही’ असे म्हणून अंथरुणाशेजारीच जमीनजुमल्याच्या वाटण्या, औषधांचा खर्च आणि पुढच्या तयाऱ्या यांची चर्चा सुरू होते. ज्यांना श्रवणयंत्राची सवय आहे त्यांचे यंत्र काढून डबीत ठेवले जाते. दूरगावाहून आलेला मुलगा ‘आता उशीर झाला’ असे म्हणून मुका उभा राहतो. या साऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, डोळ्यांचा संबंध सुटला असला तरी कानाचा कदाचित सुटलेला नसेल. त्यांनी ओळखीच्या आवाजात, नावाने हाक मारावी. सावकाश, थांबत थांबत बोलावे. जे बोलावयाचे राहून गेले असेल ते बोलून घ्यावे. आणि जे ऐकवू नये ते खोलीबाहेर बोलावे. यासाठी काशीस जाण्याची आवश्यकता नाही. दवाखान्याच्या खाटेपाशीही ते करता येते.

काशीत मरणाची वाट पाहत येणाऱ्यांसाठी मुक्तिभवने उभी राहिली. तेथे अंथरुणाशी भजन चालू ठेवण्याची रीत पडली. घाटावर आणण्यापूर्वी कानाशी नाम घेण्याची रीत तर त्याहून कितीतरी जुनी आहे. ही रीत पाडणाऱ्यांना केशपेशी ठाऊक नव्हत्या, मेंदूची विद्युत् ठाऊक नव्हती. त्यांनी जाणाऱ्या माणसाला एकटे न सोडण्याची सोय केली, आणि त्यासाठी नेमका कान निवडला. आज दिसते त्यावरून ती निवड चुकली होती असे म्हणता येत नाही.

घाटावर चिता पेटलेल्या आहेत. गल्लीच्या वळणाशी पुन्हा घोष उठला आहे. ‘राम’ म्हणून होईपर्यंत त्यातला ‘रा’ हवेतून गेलेला असतो. पण ऐकणाऱ्यापाशी तो आणखी थोडा वेळ राहतो. जाणाऱ्यापाशीही तो राहत असेल, असे समजूनच त्याच्याशी बोलले पाहिजे.